पुलावरचा अर्धा निरोप

१

तीन नंबरची अँब्युलन्स पुलाच्या चढावर तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा आत छातीत दुखणारे एक मास्तर होते आणि मागे गाड्यांची रांग लागली होती.

काही धक्का नाही, काही आवाज नाही. इंजिन चालता चालता गप्प झालं. जड झालेली गाडी उतारावरून हातभर मागे सरकली आणि मागच्या मोटारीला टेकली. नियमरावांनी हँडब्रेक ओढला, खाली उतरून दोन्ही चाकांमागे लाकडी ठोकळे लावले, आणि मग नियमाप्रमाणे पेशंट हलवायला कंट्रोलरूमकडे दुसरी गाडी मागितली. आत पेशंट असताना गाडी बंद पडली, तर ती पुन्हा सुरू झाली तरी तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही, असं नियमावलीच्या नवव्या पानावर लिहिलं होतं. ते पान इतर ड्रायव्हरांना माहीतही नव्हतं. नियमरावांना ते पाठ होतं. त्यांचं खरं नाव सगळे विसरले होते ते यामुळेच.

मास्तरांना घ्यायला आली ती एक खासगी अँब्युलन्स. पुलाखालीच तिचा थांबा होता. मास्तर वेळेत पोहोचले आणि वाचले. पण चौथ्या दिवशी अँब्युलन्स सेवेच्या अधीक्षकबाईंनी नियमरावांना आत बोलावलं आणि एक कागद पुढे सरकवला.

"वर्कशॉपच्या फोरमननं गाडी उलटीपालटी करून तपासलीये," त्या म्हणाल्या. "डिझेल ठीक, पंप ठीक. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये एकाही बिघाडाची नोंद नाही. त्याच्या मते इंजिन साध्या रीतीनं बंद झालंय. म्हणजे किल्ली फिरवून बंद करतात तसं."

"बाई, मी किल्लीला हात लावला नाही."

"तिन्ही वेळा पेशंट एकाच खासगी गाडीनं नेले. ती गाडी कुणाची?"

बावीस वर्षांच्या नोकरीत नियमरावांनी या खोलीत कधी खोटं सांगितलं नव्हतं, आजही सांगता येणार नव्हतं.

"माझ्या साडूची," ते म्हणाले.

२

अकरा दिवस नियमराव घरात बसून होते. चौकशी पूर्ण होईपर्यंत निलंबित. सकाळी सवयीनं गणवेश घालायला उठायचे आणि कपाटापाशी जाऊन परत फिरायचे. बायकोनं सात दिवस कसेबसे काढले. आठव्या दिवशी तिनं नवऱ्याला न सांगता मुलीच्या सासूला फोन लावला.

ही सासू, म्हणजे नियमरावांची विहीण, साधी असामी नव्हती. नवऱ्यामागे तिनं त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलं होतं, आणि रेडिओ संपले तसं त्याच दुकानात गाड्यांचं वायरिंग करायला लागली होती. ज्या गाडीपुढे इतर इलेक्ट्रिशियन हात टेकायचे ती शेवटी तिच्या दारात यायची. हेडलाइट लावला की वायपर फिरणारी, हॉर्न वाजवला की काटे शून्यावर जाणारी, असल्या चमत्कारिक गाड्या. त्या आपलं म्हणणं खरखरीतून सांगतात, असं ती म्हणायची.

अकराव्या दिवशी सकाळी विहीणबाई दारात उभ्या राहिल्या. खांद्यावर पिशवी, पिशवीतून डोकावणारी जुन्या ट्रान्झिस्टरची एरियल. नियमरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या घरात मुलगी दिली त्या घरासमोर ही शोभा!

"काय हे," ते बायकोकडे बघून पुटपुटले.

"तिला रागावू नका, व्याही," विहीणबाई खुर्ची ओढून बसल्या. "आणि माझ्यापुढे लाजू पण नका. मी नातं निभवायला आले नाहीये. गाडी बघायला आलेय. आधी मला एक सांगा, रंगकामानंतर तुम्ही पेशंट घेऊन तो पूल किती वेळा ओलांडलात?"

"रंगकामाचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"रस्त्यात दिसली ना तुमची तीन नंबर. नव्या नवरीसारखी चकाकतेय. बाकीच्या पाच मळक्या."

नियमराव मनात मोजू लागले. गाडी रंगवून सहा आठवडे झाले होते. "तसे पेशंट घेऊन मी पाचदा गेलो. तीनदा बंद पडली."

"आणि उरलेल्या दोनदा?"

"तेव्हा पूल मोकळा होता, भरधाव निघून गेलो. आता एक बाजू दुरुस्तीला बंद आहे, त्यामुळे बहुतेक वेळा गोगलगायीसारखं सरकावं लागतं."

"म्हणजे गाडी हळू असली, इंजिन दबक्या आवाजात चालत असलं, तरच पडते." विहीणबाईंनी ते वहीत लिहिलं. "आता नीट आठवा. इंजिन गेलं त्या क्षणी तुमचे हात कुठे होते?"

"स्टिअरिंगवर."

"दोन्ही?"

"दोन्ही. विहीणबाई, मी काय नवशिका आहे?"

त्यांनी हेही लिहिलं. पण नियमरावांच्या लक्षात आलं की या उत्तरापुढे त्यांनी एक छोटंसं प्रश्नचिन्ह काढलं आहे. विहीणबाईंचाही आपल्यावर विश्वास नाही, असं वाटून त्यांचा चेहरा पडला.

३

पुलाखाली साडू आपल्या अँब्युलन्सच्या पायरीवर बसून चहा पीत होता. नियमरावांना बघताच तो उसळलाच.

"आलात! तुमच्या नियमापायी माझी अब्रू चालली. त्या बाईंनी मला पण बोलावलं होतं चौकशीला. मी म्हटलं, अहो, माझा थांबा चार वर्षं इथेच आहे, पुलावर काही झालं तर मी नाही पोहोचणार तर कोण?"

"तुम्हाला बोलावलं कुणी?" विहीणबाईंनी विचारलं.

"तिन्ही वेळा कंट्रोलरूमनं. हे स्वतः कसले बोलावतात! घरच्या कार्याला सुद्धा पत्रिका दाखवल्याशिवाय आत घेणार नाहीत असला माणूस."

विहीणबाई हसल्या. "पुलावर पोहोचलात तेव्हा ह्यांची गाडी कशी होती?"

"सुरू व्हायला तयार! दुसऱ्या खेपेला तर मी स्वतः किल्ली मारून बघितली. पहिल्या झटक्याला सुरू. मी म्हटलं, अहो, जा की आता. तर म्हणे नववं पान."

वर्कशॉपमध्ये फोरमन मात्र अघळपघळ बोलणारा नव्हता. सगळं पालथं घालून झालेल्या माणसाच्या थकव्यानं तो बोलत होता.

"बाई, तुमचं नाव मी ऐकून आहे. पण मी सेन्सर बदलला, कॉम्प्युटर बदलला, पहाटे मोकळ्या पुलावर चार चकरा मारल्या. काही नाही. आणि खरं सांगू? आता शोधायची गरजच उरली नाही. अकरा दिवस बदली ड्रायव्हर तीच गाडी चालवतोय. पेशंट घेऊन नऊ वेळा पुलावरून गेला, गर्दीत, रांगत रांगत. एकदाही बंद पडली नाही."

हे नियमरावांना कुणी सांगितलं नव्हतं.

"गाडी तीच, पूल तोच. माणूस बदलला आणि दुखणं गेलं," फोरमन खाली बघत म्हणाला. "मला आनंद होत नाहीये हे बोलताना. आम्ही एकत्र डबा खाल्लाय वीस वर्षं."

विहीणबाईंनी विचारलं, "रंग कुणी दिला?"

"माझ्या देखरेखीखाली दिलाय. दिवे, पट्ट्या, वायरलेसची एरियल, सगळं उतरवून. बॉनेटच्या कडेला सुद्धा ब्रशाचा डाग नाही. मग माझ्या हातानं सगळं परत बसवलं. आधी वायरी कशाही लोंबायच्या, आता आवळून एका जुडीत बांधल्यात."

"छान काम केलंत." त्या वळल्या. बाहेर आल्यावर नियमराव म्हणाले, "जाऊ द्या, विहीणबाई. उगाच तुमचा वेळ गेला. नऊ वेळा! आता मलाच माझा संशय यायला लागलाय."

"का? फोरमन बरोबरच बोलला की. माणूस बदलला आणि दुखणं गेलं." त्यांचे डोळे मात्र चमकत होते. "म्हणजे पुलावर तुम्ही असं काहीतरी करता, जे तो बदली ड्रायव्हर करत नाही. ते काय, हे तुम्हाला ठाऊक नाही. पण कुणीतरी ते ऐकलं असणार. कंट्रोलरूम कुठे आहे?"

४

कंट्रोलरूम म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. भिंतीवर शहराचा नकाशा, टेबलावर वायरलेसचा सेट, आणि त्यामागे कानाला फोनचा हेडसेट लावलेली ऑपरेटरबाई. नियमरावांना बघून ती अवघडली, पण उठून उभी राहिली.

"मला त्या तीन दिवसांची वही दाखवाल?" विहीणबाईंनी विचारलं. "गाड्यांचे निरोप लिहिता ना तुम्ही?"

"शब्दन्‌शब्द लिहायचा, असा नियम आहे." तिनं वही काढली. "प्रत्येक खेपेला तीन निरोप. पेशंट घेतला की इंजिन सुरू करायच्या आधी एक. पूल लागला की एक, म्हणजे मी हॉस्पिटलला तयार राहायला सांगते. आणि पोहोचून इंजिन बंद केलं की शेवटचा."

विहीणबाईंनी तीन तारखांवर बोट फिरवलं आणि वही नियमरावांसमोर धरली. तिन्ही ठिकाणी, ऑपरेटरबाईच्या गोलसर अक्षरात, पुलावरचा निरोप असा होता: 'तीन नंबर, पूल ला'. पुढचा निरोप थेट गाडी बंद पडल्याचा.

"मला वाटायचं हे चिडलेत," ऑपरेटरबाई म्हणाली. "बोलता बोलता फोन आपटावा तसा आवाज तुटायचा."

"व्याही, पुलावर तुमचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते म्हणालात."

नियमराव त्या अर्ध्या शब्दाकडे बघतच राहिले. बावीस वर्षं. तो माइक उचलणं म्हणजे श्वास घेण्यासारखं झालं होतं. हात कुठे होता, हे आठवायचंच राहिलं होतं. "एका हातात माइक होता," ते हळूच म्हणाले. "इंजिन गेलं म्हणून टाकला मी तो."

"उलटं आहे. माइकचं बटण दाबलंत म्हणून इंजिन गेलं." विहीणबाई ऑपरेटरबाईकडे वळल्या. "बदली ड्रायव्हर पुलावरून निरोप देतो का?"

"तो? त्यानं वायरलेसला कधी हात लावला नाही. मागे पेशंटपाशी सिस्टर असते ना, तिला मोबाइलवरून फोन करायला लावायचा." आणि मग ती सहज म्हणाली, "आजपासून ते बंद. सकाळी अधीक्षकबाईंचा हुकूम निघालाय. ड्यूटीवर मोबाइल जमा करायचे, सगळे निरोप वायरलेसवरच. हे बघा, दोघांचे फोन इथेच टोपलीत पडलेत."

"तीन नंबर आता कुठे आहे?" नियमरावांनी विचारलं.

ऑपरेटरबाईनं वहीत पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "आठ मिनिटांपूर्वी निघाली. सात वर्षांची मुलगी. मधमाश्या चावल्यात, श्वास लागलाय. आता... पूल येईलच."

५

"सांगा त्याला! बोलू नको म्हणावं!" विहीणबाई म्हणाल्या.

"पण मी सांगितलं की तो 'ऐकलं' म्हणायला बटण दाबणारच," ऑपरेटरबाई म्हणाली. "सवयच असते सगळ्यांना."

नियमरावांनी पुढे होऊन माइक हातात घेतला. निलंबित माणसानं त्याला हात लावणं नियमात बसत नव्हतं. ते त्यांच्या मनातही आलं नाही.

"तीन नंबर, फक्त ऐक. उत्तर देऊ नकोस. काही झालं तरी माइक उचलू नकोस. मी बोलतोय, तुझ्या आधी ती गाडी चालवायचो तो. वायरलेसचं बटण दाबलंस की इंजिन बंद पडतं. पुलावरून निरोप द्यायचा नाही, 'ऐकलं' पण म्हणायचं नाही. सरळ हॉस्पिटल गाठ."

त्यांनी बटण सोडलं. सेटमधून नुसती खरखर.

"ऐकलं असेल का?" ऑपरेटरबाई कुजबुजली.

कळायला काही मार्गच नव्हता. उत्तर आलं नाही म्हणजे ऐकलं, किंवा उत्तर आलं नाही म्हणजे गाडी आधीच बंद पडली. ऑपरेटरबाईनं हॉस्पिटलला फोन करून तयारी ठेवायला सांगितलं. नियमराव खिडकीशी गेले. समोर हॉस्पिटलचं फाटक दिसत होतं, पूल दिसत नव्हता. त्यांच्या डोळ्यांसमोर तो चढ, ती रांग, मागे सरकणारी जड गाडी. विहीणबाई खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून उभ्या होत्या.

चार मिनिटं गेली. पाच. एकाएकी सेट खरखरला आणि तिघंही त्याच्याकडे वळली.

"पाच नंबर, पेशंट उतरवला," असा भलत्याच गाडीचा आवाज आला.

"मेल्या, हीच वेळ मिळाली का तुला," ऑपरेटरबाई रडकुंडीला येऊन म्हणाली, पण बटण न दाबता.

सातव्या मिनिटाला लांबून सायरन ऐकू आला. नियमरावांनी बावीस वर्षांत तो हजारो वेळा वाजवला होता, पण असा बाहेरून, दुसऱ्याच्या हातचा, कान देऊन कधी ऐकला नव्हता. चकाकती पांढरी गाडी फाटकातून आत शिरली. सिस्टर मुलीला उचलूनच उतरली, डॉक्टर पुढे धावले. बदली ड्रायव्हरनं उतरून वर खिडकीकडे बघितलं आणि दोन्ही हात वर करून हलवले. दोन्ही मोकळे.

नियमरावांनीही खिडकीतून हात हलवला. बऱ्याच वेळानं त्यांना समजलं की आपण हसतोय.

६

मुलगी धोक्याबाहेर आहे हे कळल्यावरच विहीणबाई अधीक्षकबाईंना घेऊन वर्कशॉपच्या अंगणात आल्या. तीन नंबर मधोमध उभी होती, इंजिन चालू. नियमरावांना त्यांनी गाडीपासून दहा पावलांवर उभं केलं, हात मागे बांधायला लावून.

"बाई, तुम्हीच आत बसा," त्या अधीक्षकबाईंना म्हणाल्या. "किल्लीला हात लावू नका. माइक उचला आणि काहीही बोला."

अधीक्षकबाईंनी माइक तोंडापाशी धरला. "हॅलो, मी..."

इंजिन गप्प झालं.

अधीक्षकबाई हातातल्या माइककडे आणि मग न फिरवलेल्या किल्लीकडे आळीपाळीनं बघत राहिल्या.

"इंजिनाच्या चाकापाशी बोटाएवढा एक सेन्सर असतो," विहीणबाई सांगू लागल्या. "चाक फिरतं तसे तो कॉम्प्युटरला ठोके पाठवतो. इंजिनाची नाडीच म्हणा. गाडी जोरात असली की नाडी ठसठशीत, हळू असली की क्षीण. वायरलेस बोलायला लागला की एरियलमधून जोरदार लहरी निघतात. त्यांचा परतीचा रस्ता गाडीच्या पत्र्यातून असतो. तो बंद असला की त्या केबलच्या अंगावरून मागे येतात. आणि केबलला खेटून जर त्या सेन्सरची वायर असेल, तर क्षीण नाडी त्या गोंगाटात बुडून जाते. कॉम्प्युटरला वाटतं इंजिन थांबलं. तो डिझेल बंद करतो. बिघाड कसला नोंदवणार? त्याच्या हिशेबी गाडी आपणहून थांबलीये."

"म्हणून मोकळ्या पुलावर पडली नाही," फोरमन सावकाश म्हणाला. "नाडी ठसठशीत होती. आणि मी पहाटे गेलो, बोललो तर नाहीच."

विहीणबाईंनी ट्रान्झिस्टर चालू करून बॉनेटखालच्या वायरींच्या जुडीपाशी धरला. अधीक्षकबाईंनी पुन्हा बटण दाबलं, आणि ट्रान्झिस्टर इतका भुंकला की दोन पावलं मागे सरकावं लागलं. जुडीत एरियलची केबल सेन्सरच्या वायरीला घट्ट बांधलेली होती.

"पण पत्र्यातला रस्ता बंद कुणी केला?" अधीक्षकबाईंनी विचारलं.

विहीणबाई उत्तर द्यायच्या आत फोरमननं खिशातला मीटर काढला. एक टोक एरियलच्या बुडाला, दुसरं गाडीच्या पत्र्याला. जोड असला की वाजणारा मीटर मुका राहिला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"मीच," तो म्हणाला. "एरियलचा बोल्ट उघड्या पत्र्याला टेकायला हवा. मी तो रंगावर आवळला. चांगला जाड रंग, दोन हात. आणि केबल पण मीच बांधली." तो नियमरावांकडे वळला. "आणि रिपोर्ट पण मीच लिहिला."

नियमरावांना अकरा दिवस वाटत होतं, गुन्हेगार सापडला तर त्याची गचांडी धरू. आता समोर गुन्हेगार उभा होता, आणि तो वीस वर्षांचा डब्याचा सोबती होता.

"सँडपेपर कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

फोरमननं बोल्ट काढला. दोघांनी आळीपाळीनं खालचा रंग घासला, पत्रा चकचकीत होईपर्यंत. केबल जुडीतून सोडवून दुसऱ्या बाजूनं नेली. मीटर पिपाणीसारखा वाजला. अधीक्षकबाईंनी माइक उचलला, बटण दाबलं, आणि काय बोलावं ते न सुचून एक ते वीस आकडे म्हटले. इंजिन शांतपणे चालत राहिलं.

त्या खाली उतरल्या. "मी आजच कागद रद्द करते," त्या नियमरावांना म्हणाल्या. "आणि माफी मागते. मी तुमचं ऐकून घेतलं, पण ऐकलं नाही. उद्यापासून या कामावर."

इतक्यात वरच्या खिडकीतून ऑपरेटरबाई ओरडली. बाजारापलीकडे एक म्हातारे गृहस्थ जिन्यावरून पडले होते, बाकीच्या गाड्या बाहेर होत्या आणि बदली ड्रायव्हरची पाळी संपली होती.

नियमरावांनी अधीक्षकबाईंकडे पाहिलं. अंगात घरचा सदरा, पायात चपला, कागद अजून रद्द व्हायचा होता.

"जा," त्या म्हणाल्या.

म्हातारबुवांचा पाय मोडला होता आणि जीभ शाबूत होती. गाडी जोरात का नेत नाही, खड्डे का चुकवत नाही, गणवेश का घातला नाही, असं ते हॉस्पिटलपर्यंत ओरडत राहिले. नियमराव प्रत्येक शब्दाला "हो, काका" म्हणत होते. इतकं गोड बोलणं त्यांच्या कानावर कित्येक दिवसांत पडलं नव्हतं.